शालेय व्यवसायोपचार

शाळेत जाणाऱ्या मुलाला लिहिणे, खेळणे, डबा खाणे, दप्तर व कपडे सांभाळणे, रांगेत उभे राहणे, सवंगड्यांत मिसळणे इ. नित्याच्या व्यवहारांत ज्या अडचणी येतात त्या शोधून दूर करण्यासाठी, किंवा त्या कायम राहिल्या तरी मुलाला त्या व्यवहारांत भाग घेता यावा म्हणून, योजनापूर्वक केलेल्या उपचारास शालेय व्यवसायोपचार म्हणतात. व्यवसायोपचार ही वैद्यकास पूरक अशी पुनर्वसनशास्त्राची एक शाखा असून तिचा उपयोग शारीरिक व्यंगे, मेंदूचे विकार, अपघातजन्य इजा आणि मानसिक विकार या सर्वांत होतो. शाळेत तिचा विशेष उपयोग असा, की मुलाचे मानसिक अस्वास्थ्य पुष्कळदा शब्दांतून प्रकट न होता कामातून प्रकट होते. आपल्याला भीती वाटते किंवा आपण खचलो आहोत, हे सात-आठ वर्षांचे मूल सहसा सांगू शकत नाही. परंतु ते वही लपवते, खेळ टाळते किंवा शाळेच्या वेळेस त्याचे पोट दुखू लागते.

संज्ञा : इंग्रजीतील ‘ऑक्युपेशनल थेरपी’ या संज्ञेसाठी मराठीत व्यवसायोपचार हा शब्द रूढ झाला आहे. त्यातील ‘व्यवसाय’ या पदाचा अर्थ धंदा किंवा उपजीविकेचे साधन असा घेतला गेल्याने, हा उपचार म्हणजे अपंगांना एखादा उद्योग शिकविण्याची सोय होय, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. येथे व्यवसाय म्हणजे ज्यात माणसाचा वेळ व मन गुंतते आणि ज्याला त्याच्या जीवनात अर्थ असतो असा कोणताही व्यापार. या अर्थाने प्रौढाचे अर्थार्जन हा जसा व्यवसाय, तसाच मुलाचा खेळ, अभ्यास, आंघोळ, जेवण आणि मैत्री हेही व्यवसायच होत. उपचाराचे साध्य आणि साधन ही दोन्ही याच व्यवहारांतून निवडली जातात, हे व्यवसायोपचाराचे व्यवच्छेदक लक्षण आहे. भौतिकोपचारात (फिजिओथेरपीत) मुख्य भर स्नायू, सांधे व हालचाल यांवर असतो आणि समुपदेशनात संभाषणावर. व्यवसायोपचारात तो प्रत्यक्ष करावयाच्या कृतीवर असतो.

इतिहास : कामात मन गुंतले की मनोरुग्णाची स्थिती सुधारते, हा अनुभव जुना आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये फीलीप पीनेल (१७४५–१८२६) व इंग्लंडमध्ये विल्यम ट्यूक (१७३२–१८२२) यांनी मनोरुग्णांना बंधनात ठेवण्याऐवजी सन्मानाने वागविण्याचा आणि त्यांच्या दिनक्रमाला नियमित वळण लावण्याचा पुरस्कार केला. ट्यूक यांनी १७९६ मध्ये यॉर्क येथे सुरू केलेल्या आश्रयगृहात रुग्णांना नित्याची कामे दिली जात. विसाव्या शतकाच्या आरंभी या विचाराला शास्त्रीय रूप येऊ लागले. १९१७ मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात क्लिफ्टन स्प्रिंग्ज येथे या उपचाराच्या प्रसारासाठी एक राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. संस्थापकांत स्वतः दीर्घ आजार व अपंगत्व अनुभवलेले वास्तुविशारद जॉर्ज बार्टन आणि समाजकार्यकर्त्या एलेनॉर क्लार्क स्लेगल यांचा समावेश होता. मनोविकारतज्ज्ञ आडोल्फ मायर (१८६६–१९५०) यांनी १९२२ मध्ये या उपचाराची तात्त्विक भूमिका मांडली. काम, खेळ, विश्रांती व झोप यांचा समतोल राखता येणे हे मानसिक आरोग्याचे गमक असून तो समतोल केवळ उपदेशाने साधत नाही, प्रत्यक्ष कृतीतूनच साधतो, हा तिचा आशय होता. दोन्ही महायुद्धांतील जखमी सैनिकांच्या पुनर्वसनामुळे या शाखेचा विस्तार झाला.

मुलांच्या बाबतीत अमेरिकन व्यवसायोपचारतज्ज्ञ ए. जीन एअर्स (१९२०–८८) यांचे कार्य महत्त्वाचे ठरले. स्पर्श, तोल व अंगस्थिती यांच्या संवेदनांची मेंदूत नीट सांगड न बसल्यास मुलाच्या शिकण्यावर व वागण्यावर परिणाम होतो, असा सिद्धांत त्यांनी मांडला (१९७२). तो संवेदन-एकीकरण या नावाने ओळखला जातो. १९७५ मध्ये अमेरिकेत अपंग मुलांच्या शिक्षणाविषयीचा कायदा संमत होऊन व्यवसायोपचार ही शिक्षणास साहाय्यभूत अशी सेवा मानली गेली आणि व्यवसायोपचारतज्ज्ञ मोठ्या संख्येने शाळांत काम करू लागले.

भारतात या शाखेचा पाया मुंबईत घातला गेला. जन्माने अमेरिकन असलेल्या आणि विवाहानंतर भारतात स्थायिक झालेल्या कमला निंबकर (१९००–७९) यांनी १९५० मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू केले. आशिया खंडातील हे अशा प्रकारचे पहिले विद्यालय होय. १९५२ मध्ये जागतिक व्यवसायोपचार संघ स्थापन झाला, तेव्हा त्याच्या दहा संस्थापक सदस्य-राष्ट्रांत भारताचा समावेश होता. अखिल भारतीय व्यवसायोपचार संघाच्या पहिल्या अध्यक्षाही निंबकर याच होत्या. त्यांचे नाव पुढे फलटण (जि. सातारा) येथील ‘कमला निंबकर बालभवन’ या मराठी माध्यमाच्या शाळेस देण्यात आले. पुढे मुंबईतील शीव व नायर या महापालिका रुग्णालयांत, हाजीअली येथील अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्थेत, तसेच नागपूर येथे या विषयाच्या शिक्षणाची सोय झाली.

महाराष्ट्रात हाताच्या कामाला शिक्षणात स्थान देणारी परंपरा याहून वेगळी व जुनी आहे. १९३७ मध्ये वर्धा येथील परिषदेत पुढे आलेली नई तालीम ही योजना आणि ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड (आता पालघर जिल्हा) येथे परिसरातील वस्तूंच्या साहाय्याने चालविलेल्या बालवाड्या ही तिची ठळक उदाहरणे होत. या परंपरेत उद्योग हे शिक्षणाचे माध्यम असते. व्यवसायोपचारात तीच कृती विशिष्ट मुलाची विशिष्ट अडचण तपासून, मोजून व टप्प्याटप्प्याने दिली जाते. दोहोंची सामग्री सारखी असली तरी हेतू व रीत भिन्न आहेत.

कृतीतील अडचण व मनाचे अस्वास्थ्य : जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ वर्षे वयाच्या दर सात मुलांपैकी एकाला कोणता ना कोणता मानसिक विकार असतो. भारतात २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वर्षे वयोगटात हे प्रमाण सु. ७.३ टक्के आढळले. या बारा राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. यांपैकी अनेक मुलांचे दुःख मुळात मनोविकारातून उद्‍भवत नाही. अवधानक्षीणता व अतिचंचलता, स्वमग्नता, अध्ययन-अक्षमता किंवा हालचालींच्या समन्वयातील विकासदोष यांमुळे मूल रोजच्या कामात मागे पडते आणि वारंवार येणाऱ्या अपयशातून चिंता, न्यूनगंड व एकलकोंडेपणा निर्माण होतो. समन्वयाचा दोष शालेय वयाच्या सु. पाच ते सहा टक्के मुलांत असतो. अशी मुले बुद्धीने सामान्य असूनही धडपडतात, वस्तू पाडतात, त्यांना गुंड्या लावता येत नाहीत व त्यांचे अक्षर वाचता येत नाही. व्यंग डोळ्यांना दिसत नसल्याने त्यांची गणना आळशी किंवा बेफिकीर मुलांत होते.

लेखनाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. अमेरिकेतील प्राथमिक वर्गांच्या एका पाहणीत (१९९२) शाळेचा ३१ ते ६० टक्के वेळ लेखनादी सूक्ष्म हस्तकार्यात जातो, असे आढळले. देवनागरी लिपीत काना, मात्रा, वेलांटी व उकार अक्षराच्या चारही बाजूंना येतात आणि जोडाक्षरांत आकृत्या एकमेकींत मिसळतात. त्यामुळे हाताची हालचाल आणि दृष्टी यांचा मेळ सतत साधावा लागतो. समजा, तिसरीतील एका मुलाला फळ्यावरील मजकूर वेळेत उतरवून घेता येत नाही. त्याची अक्षरे ओळ सोडतात, वेलांट्या राहून जातात आणि अर्ध्या पानातच हात दुखू लागतो. वही अपुरी राहते म्हणून त्याला मधल्या सुट्टीत लिहीत बसविले जाते. परिणामी ज्या खेळाने त्याच्या खांद्यांना व हातांना बळ आले असते आणि मित्र मिळाले असते, तो खेळच हिरावला जातो. काही महिन्यांत तो शाळा चुकवू लागतो. येथे केवळ मनाची समजूत घालून भागत नाही आणि केवळ शुद्धलेखनाची सक्ती केल्याने तर हानीच होते. अडचणीचे मूळ कृतीत आहे. उपायाचा आरंभही तेथूनच करावा लागतो.

तपासणी : व्यवसायोपचारतज्ज्ञ प्रथम पालक व शिक्षक यांच्याशी बोलतो आणि शक्यतो वर्गात, मैदानावर व जेवणाच्या वेळी मुलाचे निरीक्षण करतो. बसण्याची ढब, पेन्सिलीची पकड, दोन्ही हातांचे सहकार्य, तोल, आवाज व स्पर्श यांना मिळणारा प्रतिसाद, सूचना लक्षात ठेवण्याची क्षमता, खेळात भाग घेण्याची रीत आणि कामातील चिकाटी या गोष्टी पाहिल्या जातात. आवश्यकतेनुसार प्रमाणित कसोट्याही वापरतात. मात्र निष्कर्ष केवळ मुलाविषयी काढला जात नाही. मूल, कृती व परिस्थिती या तिन्ही घटकांचा मेळ कोठे बिघडला आहे, हे पाहणे हा तपासणीचा गाभा होय. बाक उंच असल्याने पाय जमिनीस टेकत नसतील, खिडकीतून येणाऱ्या प्रकाशामुळे फळा चमकत असेल किंवा मुलाला ऐकू कमी येत असेल, तर उपाय वेगवेगळे होतात. म्हणून दृष्टी व श्रवण यांची वैद्यकीय तपासणी आधी होणे इष्ट असते. शेवटी, मुलाला स्वतःला काय जमावेसे वाटते, हे विचारले जाते. पुष्कळदा मुलाचे उत्तर अक्षराविषयी नसते. त्याला सायकल चालवावयाची असते किंवा खोखोच्या संघात जावयाचे असते. ते साध्य धरून केलेला उपचार अधिक टिकतो.

उपचारपद्धती : शाळेतील उपचाराचे तीन स्तर कल्पिले जातात. पहिला स्तर सर्व मुलांसाठी असतो. तासांच्या मध्ये दोन-तीन मिनिटे हालचाल, दिवसाचा क्रम चित्रांनी दाखविणारा तक्ता, गोंगाटापासून दूर असा शांत कोपरा, मधल्या सुट्टीतील खेळ शिक्षा म्हणून न काढणे या गोष्टी त्यात येतात. दुसरा स्तर ज्यांना अडचणीचा संभव आहे अशा लहान गटांसाठी असतो, उदा., लेखनपूर्व तयारीचे खेळ, एकत्र काहीतरी घडविण्यातून सहकार्य शिकविणारे गट, परीक्षेच्या भीतीवर श्वसन व वेळेचे नियोजन यांचा सराव. तिसऱ्या स्तरावर निदान झालेल्या एकेका मुलासाठी स्वतंत्र योजना आखतात.

या योजनेत तीन मार्ग एकत्र वापरले जातात. पहिला म्हणजे क्षमता वाढविणे. चढणे, ओढणे, मळणे, विणणे अशा कृतींतून खांद्याचे स्थैर्य, बोटांचे बळ व अंगस्थितीची जाणीव वाढविली जाते. दुसरा मार्ग कृती बदलण्याचा आहे. लिहावयाचा मजकूर कमी करणे, ठळक रेघांची वही देणे, पेन्सिलीस जाड पकड बसविणे, काही उत्तरे तोंडी घेणे ही त्याची रूपे होत. तिसरा मार्ग परिस्थिती बदलण्याचा असून बाकाखाली पायांना आधार देणे, मुलाची जागा बदलणे, दिवसाचा क्रम निश्चित ठेवणे इ. उपाय त्यात येतात. कौशल्य शिकविताना कॅनडात विकसित झालेली एक रीत उपयुक्त ठरली आहे. तीत मूल स्वतः उद्दिष्ट ठरवते, बेत आखते, तो करून पाहते आणि तो साधला की नाही हे तपासते. चूक दुसऱ्याने दाखविण्याऐवजी मुलाने स्वतः शोधल्याने त्याचा आत्मविश्वास वाढतो. कॅनडाच्या आँटॅरिओ प्रांतात तज्ज्ञाने मुलाला वर्गाबाहेर न नेता वर्गातच शिक्षकाबरोबर काम करण्याचा प्रयोगही झाला आहे. तज्ज्ञांची संख्या थोडी आणि मुलांची मोठी असते, तेथे ही रीत विशेष विचारार्ह आहे.

मालवण किनारा व सिंधुदुर्ग जिल्हा : १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ८,४९,६५१ असून ती २००१ मधील संख्येपेक्षा (८,६८,८२५) कमी आहे. मुंबईकडे होणाऱ्या स्थलांतराची परंपरा जुनी असून ‘चाकरमानी’ हा शब्दच तिचा द्योतक आहे. वाड्यावाड्यांतून विखुरलेली वस्ती आणि घटणारी मुले यांमुळे अनेक प्राथमिक शाळांचा पट लहान आहे. आईवडील किंवा त्यांपैकी एक जण मुंबईस आणि मूल आजी-आजोबांकडे, अशी कुटुंबेही आहेत. दुसरीकडे साक्षरतेचे प्रमाण सु. ८५.६ टक्के (२०११) असून, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांसाठी २०१२ मध्ये स्थापन झालेल्या माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या कोकण विभागाचा निकाल राज्यात सातत्याने अग्रभागी राहिला आहे. शिक्षणाविषयी असलेल्या या आस्थेची दुसरी बाजू अशी, की जेथे बहुतेक सर्व उत्तीर्ण होतात तेथे मागे पडणाऱ्या मुलाला अपयश अधिक झोंबते. निकालाच्या टक्केवारीवरून मुलांच्या मनःस्थितीचा अंदाज करता येत नाही.

या प्रदेशात तपासणी करताना काही गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. घरी मालवणी बोलणारे मूल शाळेत प्रमाण मराठीपुढे गप्प राहते; त्या मौनाची लाजाळूपणा, मतिमंदता किंवा स्वमग्नता अशी नोंद होऊ नये म्हणून संभाषण मालवणीत करून पाहणे आवश्यक असते. मच्छीमार कुटुंबांचा दिनक्रम भरती-ओहोटी व हंगाम यांवर अवलंबून असल्याने मुलाच्या झोपेची व जेवणाची वेळ बदलते; वर्गातील पेंगुळलेपणाचे कारण तेथेही असू शकते. पावसाळ्यातील मासेमारीबंदीच्या काळात घरातील ओढग्रस्तीचा ताण मुलांपर्यंत पोहोचतो. मार्च २०२० पासून कोविड-१९ च्या साथीमुळे शाळा दीर्घकाळ बंद राहिल्या आणि त्याच काळात १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळाने मालवण, देवगड व वेंगुर्ले या किनारी तालुक्यांत घरे, होड्या व बागा यांची हानी केली. अशा आपत्तीनंतर मुलांना मोडलेला दिनक्रम लवकर परत मिळणे, खेळास जागा मिळणे आणि झेपेल असे काहीतरी उपयुक्त काम करावयास मिळणे, या गोष्टी मन सावरण्यास साहाय्यक ठरतात.

उपचारास लागणारी साधने या किनाऱ्यावर विपुल आहेत. रापणीत होडीने अर्धवर्तुळाकार सोडलेले जाळे किनाऱ्यावरील माणसे दोन्ही टोकांचे दोर धरून एका तालात ओढतात. तिचेच लहान रूप असलेला दोर ओढण्याचा सामूहिक खेळ स्नायू व सांधे यांना भरपूर संवेदना देतो आणि दुसऱ्यांच्या लयीशी जुळवून घेण्याची सवय लावतो. ओल्या वाळूत बोटाने अक्षरे गिरविणे, शंखशिंपल्यांचे आकारानुसार वर्गीकरण, नारळाच्या काथ्याचे सुंभ वळणे, झावळ्यांच्या पात्यांची वीण, जाळ्याची गाठ मारणे यांतून दोन्ही हातांचा मेळ व बोटांचे बळ साधते. सावंतवाडीची लाकडी खेळणी, विशेषतः भोवरे व फळांच्या प्रतिकृती, हाताळणीच्या व नकली बाजाराच्या खेळांस योग्य आहेत. पिंगुळी (ता. कुडाळ) येथील ठाकर समाजाने चित्रकथी व कळसूत्री बाहुल्यांची कला जतन केली असून त्याबद्दल परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री हा किताब मिळाला. बाहुली नाचविण्यास मनगट व बोटे यांवर सूक्ष्म नियंत्रण लागते. शिवाय, स्वतः बोलण्यास बिचकणारे मूल बाहुलीच्या तोंडून बोलू शकते. दशावतारातील सोंगांचाही असा उपयोग करता येतो.

तथापि साधन म्हणजे उपचार नव्हे. सुंभ वळावयास दिल्याने मुलाचे अक्षर आपोआप सुधारत नाही. कोणत्या मुलाला, किती वेळ, कशानंतर व कशासाठी ती कृती द्यावयाची, हे ठरविण्यात तज्ज्ञाचे कौशल्य असते. कृती मुलाला आवडणारी, त्याच्या कुवतीपेक्षा किंचित कठीण आणि पूर्ण करता येण्याजोगी असावी. तिचे रूपांतर मुलाकडून करवून घेतलेल्या श्रमात होऊ नये. तसेच मूल विशिष्ट जातीचे आहे किंवा मुलगी आहे म्हणून तिला विशिष्ट काम नेमून देणे हे या उपचाराच्या तत्त्वाविरुद्ध आहे.

कायदे व व्यवस्था : महाराष्ट्र शासनाने १९९६ पासून अध्ययन-अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्यास प्रारंभ केला. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा (२००९) आणि दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा (२०१६) यांनी समावेशक शिक्षणाला कायदेशीर अधिष्ठान दिले. दुसऱ्या कायद्यातील एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांत स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन-अक्षमता व मानसिक आजार यांचा अंतर्भाव आहे. समग्र शिक्षा अभियानात (२०१८) विशेष शिक्षकांच्या व साहाय्यक सेवांच्या तरतुदी आहेत. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाला. त्यात फिरती आरोग्य पथके अंगणवाड्यांना वर्षातून दोनदा व शाळांना एकदा भेट देऊन १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात आणि विकासातील विलंब आढळल्यास जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवितात. २०२० मध्ये सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण देण्याची योजना असून भावनिक व मानसिक आरोग्य हा तिचा एक विषय आहे. मानसिक अडचणींसाठी १४४१६ या क्रमांकावरील ‘टेलि-मानस’ ही निःशुल्क दूरध्वनिसेवा ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध झाली. स्वयंसेवी क्षेत्रात मुंबईतील ‘उम्मीद’ बालविकास केंद्र (स्थापना २००१) उपचाराबरोबरच शिक्षक व समाजातील कार्यकर्ते यांना प्रशिक्षण देण्याचे काम करते.

व्यवसायोपचाराचा पदवी अभ्यासक्रम बारावीनंतर साडेचार वर्षांचा असून त्यात सहा महिन्यांच्या आंतरवासितेचा समावेश होता. महाराष्ट्रात या व्यवसायाच्या नियमनासाठी २००२ च्या अधिनियमाने परिषद निर्माण करण्यात आली आणि २०२१ च्या केंद्रीय कायद्याने इतर संलग्न आरोग्यसेवांबरोबर त्याचे देशव्यापी नियमन योजिले. शिक्षणाच्या संस्था मुख्यतः मुंबई व नागपूर या शहरांत एकवटल्याने पदवीधरही बहुधा मोठ्या शहरांतच राहतात. सिंधुदुर्गात ओरोस येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२१ मध्ये सुरू झाले. तरी दोडामार्ग किंवा वैभववाडी तालुक्यातील वाडीवरून मुलाला आठवड्यातून दोनदा जिल्ह्याच्या ठिकाणी आणणे रोजंदारीवरील पालकाला परवडणारे नसते. अशा ठिकाणी तज्ज्ञाने ठराविक कालांतराने केंद्रशाळेत येऊन मुलांची तपासणी करावी, शिक्षकास व पालकास दोन-तीन नेमक्या कृती शिकवाव्यात आणि पुढील भेटीत फलिताचा आढावा घ्यावा, ही रीत अधिक व्यवहार्य ठरते. लहान पटाच्या शाळेत शिक्षक प्रत्येक मुलाला जवळून ओळखतो, हे तीत एक मोठे भांडवल आहे.

मर्यादा : सर्व उपायांना सारखाच शास्त्रीय आधार नाही. प्रत्यक्ष कृतीच्या सरावावर आधारलेल्या पद्धतींची परिणामकारकता समन्वयदोष व लेखन यांबाबत बरीच सिद्ध झाली आहे. संवेदन-एकीकरणाविषयी मात्र मतभेद आहेत. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये त्याविषयीचे संशोधन अपुरे असल्याचे सांगून, असा उपचार घेणाऱ्या पालकांनी निश्चित उद्दिष्टे ठरवून फलित तपासत राहावे, असा सल्ला दिला. झोके, भारित जाकिटे व महागडी उपकरणे म्हणजेच उपचार, असा समज पसरविणाऱ्या जाहिरातींपासून पालकांनी सावध राहणे हितावह आहे. तीव्र नैराश्य, स्वतःला इजा करण्याचे विचार, अत्याचाराचा संशय किंवा आकस्मिक वर्तनबदल असल्यास मनोविकारतज्ज्ञाचे साहाय्य तत्काळ घेतले पाहिजे. व्यवसायोपचार तेथे पूरक ठरतो, पर्यायी नव्हे. तसेच शिक्षकावर आधीच असलेल्या कामांत तज्ज्ञाची सर्व जबाबदारी टाकणेही योग्य नाही. शिक्षकाने निदान करावे अशी अपेक्षा नसते. मुलाच्या वागण्याला नाव ठेवण्यापूर्वी ते कोणत्या कामापाशी अडते हे त्याने पाहावे व नोंदवावे, एवढी असते. उपचाराचा आरंभ त्या नोंदीपासून होतो आणि त्याचे यशही अखेर त्याच कामात मोजले जाते: मूल पुन्हा वही उघडते, खेळात उतरते आणि सकाळी स्वतःहून शाळेस निघते.